चावीवाला

पहाटे तीन पन्नासला मी असल्फ्याच्या टेकडीवर असतो,
खांद्यावर पाच फुटी चावी,
खिशात तंबाखूऐवजी हल्ली खडीसाखर.
पहिल्या व्हॉल्व्हला बेचाळीस फेरे,
वरच्याला एकोणसाठ, त्यातले शेवटचे तीन जड.
एक जरी फेरा कमी पडला
तर वरच्या गल्लीत हंडे कोरडे
आणि शिव्या थेट माझ्या आईपर्यंत.

हे मी पेरीनबाईंना सांगितलं नव्हतं.
परळच्या त्या गार खोलीत त्यांनीच
मनवाच्या केसपेपरवर पेन्सिलीने एक डोकं काढलं
आणि म्हणाल्या, जनुकं
(इथे त्यांनी माझ्या गणवेशाकडे पाहिलं)
जनुकं सगळी पहिल्यापासून असतात, मिस्टर घाडी,
पण एकदम चालू नसतात.
कुठलं कधी उघडायचं, किती वेळ, कधी बंद,
याचं वेळापत्रक असतं. जन्मानंतरही चालूच असतं ते.
मी म्हटलं, बाई, पुढचं कळलं मला.

कळलं कुठे.
सतरा आठवड्यांची मनवा
अजून खुळखुळ्याकडे वळत नाही.
एका अक्षराचा फरक असेल, म्हणाल्या. किंवा नसेलही.
तीन अब्ज अक्षरांत एक.
माझ्या रजिस्टरात एका आकड्याची खाडाखोड झाली
तर इंजिनीयर मेमो देतो.
हा मेमो कुणाच्या नावाने काढायचा?
देवगडात कलमांखाली गप्प झालेल्या
माझ्या पणज्याच्या?

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या,
मेंदू आधी भरमसाट जोडण्या करून ठेवतो,
वापरात नाहीत त्या मग तोडतो.
वाईट नाही त्यात काही. तोडल्या नाहीत तरच घोटाळा.
मी मान खाली घातली.
एका मे महिन्यात, डोंगराच्या मागल्या अंगाला,
एका दिवसात साठ जोडण्या तोडल्यात मी.
एक बाई पोर कडेवर घेऊन पाइपावरच बसली,
म्हणाली, हिच्या तोंडाला लावण्यापुरतं तरी ठेव.
मी साहेबाकडे पाहिलं,
साहेबाने घड्याळाकडे.
आता माझ्या पोरीच्या कवटीत
कोण फिरतंय करवत घेऊन, कुणाच्या सहीने,
आणि ज्या वाटेने ती माझ्याकडे येणार
ती वाट त्याच्या यादीत तर नाही ना?

वाट वापरात ठेवा, एवढंच म्हणाल्या बाई.
उजेड डोळ्यांत गेला की आत काही जनुकं जागी होतात,
आवाज कानांत गेला की काही.
सगळ्याच चाव्या रक्तात नसतात.
म्हणजे मी पुन्हा ड्युटीवर.

पण तान्ह्या पोरीशी बोलायचं काय?
अंगाई मला येत नाही.
मी तिला माझी बीट म्हणून दाखवतो:
मारुतीच्या पारामागे, गंजलेला, सत्तेचाळीस.
डिसोझाच्या बेकरीपाशी, झाकण डुगडुगतं, एकतीस.
मशिदीच्या उतारावर, उलटा फिरतो, विसरायचं नाही.
नमिता कूस न बदलता म्हणाली,
पोरगी प्लंबर होणार तुमची.
त्या आठवड्यात पहिल्यांदा बोलली ती.

गळती शोधायला आमच्याकडे एक सळई असते,
एक टोक रस्त्यावर, एक कानाला.
रात्री डांबराखालून पाणी चालताना ऐकू येतं.
काल टाळूवर खोबरेल जिरवता जिरवता
मी तिथेच कान टेकवला.
टाळू उडत होती.
बाकी काही कळलं नाही.

रिपोर्टला अजून नऊ दिवस.
आज माझी सुट्टी. बदलीवर तांडेल,
कामाचा पक्का, एक फेरा चुकवायचा नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी
मोरीतल्या नळाने आधी हवा थुंकली, मग खाकरला,
आणि मनवाने मान,
म्हणजे मला तरी तसं वाटलं.

नमिताला उठवलं नाही.
नळ बंद केला.
पुन्हा उघडला.